कॉलेजला समतेचा अवॉर्ड मिळाला, म्हणजे नक्की काय मिळालं?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाचीने एक फोटो टाकला. तिच्या कॉलेजच्या गेटवर मोठ्ठा बॅनर, वर कन्नड खाली इंग्लिश, मधे शाल-फेटा घालून हसणारी चार पुरुष मंडळी आणि एका कोपऱ्यात गुच्छ धरून उभी असलेली एक मॅडम. कॉलेजला म्हणे डायव्हर्सिटी आणि वुमेन्स इक्विटीचा अवॉर्ड मिळालाय. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, फुलं टाकली. फक्त आमच्या अक्काने, म्हणजे भाचीच्या आईने, व्हॉइस मेसेज टाकला, "अवॉर्ड मिळालं म्हणूलायत, बरं झालं, पण तुमच्या त्या लेडीज टॉयलेटला कडी लावली काय?"

ग्रुप एकदम शांत. मग भाचीने मला वेगळा मेसेज केला, मामा, हे इक्विटी म्हणजे नक्की काय असतं आणि हे अवॉर्ड देतं कोण? मी बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात बारा वर्षं क्लार्क होतो, असल्या फायली भरण्यात माझी बोटं झिजलीत, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी शब्द. इक्वालिटी म्हणजे समानता, इक्विटी म्हणजे समता. मराठीत आपण दोन्ही एकाच पिशवीत टाकतो त्यामुळे घोळ होतो. भाचीचंच उदाहरण घ्या. ती जांबोटीच्या बाजूच्या एका गावातून येते, जंगलाचा भाग, पावसाळ्यात झाडं पडतात, अस्वलाची भीती वेगळीच. तिच्या कॉलेजात केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल अडीच ते साडेपाच. सगळ्यांना तेच टायमिंग, तोच बेंच, तेच ब्युरेट, म्हणजे समानता शंभर टक्के. पण तिच्या गावाकडे जाणारी शेवटची थेट गाडी सव्वापाचला सुटते. शहरातल्या टिळकवाडीत राहणारा मुलगा स्कूटीवर दहा मिनिटात घरी, आणि ही रीडिंग अर्धवट सोडून बस स्टँडकडे पळते, नाहीतर अर्ध्या वाटेपर्यंतच्या गाडीने जाऊन पुढे कुणाच्या तरी बाईकवर. वर्षाच्या शेवटी जर्नलमधे तिची रीडिंग कमी, मार्क कमी, आणि सर म्हणणार की मुलींचं प्रॅक्टिकलकडे लक्ष नसतं. तेच प्रॅक्टिकल पाऊण तास आधी घेतलं तर कुणाचं काही जात नाही आणि हिचं वर्ष वाचतं. याला इक्विटी म्हणायचं, कुणाची वाट कुठे अडते ते बघून तिथला दगड काढायचा.

डायव्हर्सिटी त्याच्या शेजारची गोष्ट, कॅम्पसवर कोण कोण आहे त्याचा हिशोब. बाई-पुरुष, जात, धर्म, भाषा, गाव, अपंगत्व, घरात आधी कुणी कॉलेज बघितलंय का नाही, असं सगळं.

आता हे अवॉर्ड. लोकांना वाटतं की शिक्षक दिनाला 'आदर्श शिक्षक' देतात तसलं काहीतरी असणार, कुणीतरी खूश झालं आणि दिलं. तसले पण असतात, पैसे भरा, नामांकन घ्या, बेंगळूरच्या हॉटेलात जेवण आणि ट्रॉफी घेऊन या, त्यावर मी शाई घालवणार नाही. पण जगात जे मान्यता पावलेत ते जरा वेगळे चालतात, आणि त्यांची गोष्ट एका टेपपासून सुरू करायला मला आवडतं. शिंप्याची असते तसली मोजायची टेप.

अमेरिकेत एमआयटी म्हणून जगातली नावाजलेली इन्स्टिट्यूट आहे. तिथे नॅन्सी हॉपकिन्स म्हणून बायॉलॉजीच्या प्रोफेसर होत्या, झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांवर काम करायच्या. माशांना टाक्या लागतात, टाक्यांना जागा लागते, आणि जागा काही मिळेना. वरच्यांना सांगितलं की पुरुष सहकाऱ्यांपेक्षा माझी लॅब लहान आहे, तर कुणी मानायला तयार नाही. शेवटी बाईंनी टेप घेतली आणि रात्री, कुणी नसताना, सगळ्यांच्या लॅब मोजून काढल्या. आकडे कागदावर आले. मग इतर प्राध्यापक बायकांशी बोलणं झालं तर प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपल्याच बाबतीत घडतंय. १९९४ला तिथल्या सायन्स विभागात कायम पदावर १९४ पुरुष आणि १५ बायका होत्या. कमिटी बसली, जागा, पगार, कमिट्यांवरच्या नेमणुका सगळं तपासलं आणि १९९९ला रिपोर्ट छापला. तेव्हाचे प्रेसिडेंट चार्ल्स वेस्ट यांनी त्यात जाहीर कबुली दिली की आपल्याला वाटायचं हा भेदभाव थोडा खरा आणि थोडा समजुतीचा असेल, पण खऱ्याचाच भाग फार मोठा निघाला. एवढ्या मोठ्या इन्स्टिट्यूटने आपलं झाकलेलं ताट स्वतःच उघडून दाखवलं, याचं जगभर नवल वाटलं.

सगळ्यात गाजलेल्या अवॉर्डमागेही हीच मोजायची सवय आहे. ब्रिटनमधे २००५ला अथेना स्वान नावाची सनद सुरू झाली. सायन्स, इंजिनिअरिंग, मेडिकल असल्या विषयात बायका शिकायला येतात पण वर प्रोफेसर होईपर्यंत कुठे गायब होतात, हा मूळ प्रश्न. संशोधक याला गळका पाईप म्हणतात, बेळगावकरांना हे समजावायची गरजच नाही, राकसकोप धरणातून पाणी भरपूर सुटतं आणि तुमच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार येते, तसं. मधे कुठे कुठे गळतंय ते शोधायचं तर प्रत्येक जॉइंटवर मोजावं लागतं, म्हणजे पदवीला किती मुली, एमएस्सीला किती, पीएचडीला किती, लेक्चरर किती, प्रोफेसर किती, मुलाखतीला किती बोलावल्या त्यातल्या किती घेतल्या, बाळंतपणाच्या रजेवरून किती परत आल्या आणि परत येऊन वर्षभराने किती टिकल्या.

यात तीन पायऱ्या, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. आणि इथेच लोकांची गफलत होते. ब्राँझ म्हणजे तुमच्याकडे सगळं छान आहे असं नाही. ब्राँझ म्हणजे तुम्ही स्वतःची तपासणी प्रामाणिकपणे केली, कुठे कमी आहोत ते आकड्यांनिशी लिहून दिलं आणि पुढच्या काही वर्षात काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत करणार याचा प्लॅन दिला. सिल्व्हरला त्या प्लॅनचा फरक दिसला पाहिजे, गोल्डला असा फरक की इतरांनी येऊन शिकावं. पहिलं गोल्ड २००७ला यॉर्क युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री विभागाला मिळालं. आणि हे कायमचं नसतं हां, काही वर्षांनी मुदत संपते, परत तपासणी, घसरलात तर जातं. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर १९८७ची ढाल अजून लटकत असते, त्याच्या बरोबर उलट.

सुरुवातीला कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. मग २०११ला इंग्लंडच्या चीफ मेडिकल ऑफिसर सॅली डेव्हिस यांनी सांगून टाकलं की मेडिकल रिसर्चच्या मोठ्या सरकारी ग्रँटसाठी यायचं असेल तर तुमच्या मेडिकल स्कूलकडे सिल्व्हर असेल असं आम्ही धरून चालू. झालं, सगळे डीन खडबडून जागे. पैशाची दोरी ओढली की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१५ला सनद आर्ट्स, सोशल सायन्स आणि ऑफिस स्टाफपर्यंत वाढवली (ऑफिस स्टाफ! एक क्लार्क म्हणून मला हे वाचून फार बरं वाटलं), त्याच वर्षी आयर्लंडने ती घेतली, ऑस्ट्रेलियाने आपली आवृत्ती काढली. २०१६ला ब्रिटनमधेच वंशभेदाविरुद्ध वेगळी सनद आली, कारण बायका वाढल्या पण सगळ्या गोऱ्याच वाढल्या तर काय उपयोग, असा प्रश्न होताच.

पण एक गंमत बघा. हे सगळे फॉर्म भरायचे कुणी? विभागातल्या बायकांनीच. म्हणजे बायकांना रिसर्चला वेळ मिळत नाही हे सिद्ध करायला बायकांनी रिसर्च सोडून शेकडो पानं भरायची. २०२०ला ब्रिटनमधेच प्रोफेसर ज्युलिया बकिंगहॅम यांच्या समितीने या कागदी ओझ्यावर बोट ठेवलं, मग प्रक्रिया सोपी केली, आणि त्याच वर्षी ग्रँटची सिल्व्हरची अट पण काढून टाकली. अमेरिकेत अजून वेगळं राजकारण. तिथे २०१२ला हीड नावाचा अवॉर्ड एका मॅगझिनने सुरू केला, उच्चशिक्षणातल्या डायव्हर्सिटीसाठी, कॉलेजं तो मिरवायची, पण जानेवारी २०२५मधे ट्रम्पनी डायव्हर्सिटीच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी ती ऑफिसं बंद केली किंवा नावं बदलली. काल ज्याचा बॅनर लावत होते तो आज गुंडाळून कपाटात.

आपल्या देशात काय? अथेना स्वानच्या धर्तीवर केंद्राच्या सायन्स अँड टेक्नॉलॉजी खात्याने गती नावाचा कार्यक्रम २०२०मधे आणला, सायन्स डे-ला, म्हणजे २८ फेब्रुवारीला घोषणा झाली, आणि पायलटला ३० संस्था घेतल्या. त्यातही तेच तत्त्व, स्वतःला तपासा, लिहून द्या, सुधारा. पण साध्या डिग्री कॉलेजपर्यंत जे पोचतं ते म्हणजे नॅक, म्हणजे कॉलेज तपासून दर्जा ठरवणारी संस्था, आणि एनआयआरएफ.

नॅकमधे माझ्या वेळी सात निकष होते, एकूण हजार मार्क, त्यातला सातवा 'संस्थात्मक मूल्ये आणि बेस्ट प्रॅक्टिसेस' याला शंभर. त्यात जेंडर इक्विटीसाठी काय केलं, मुलींची सुरक्षितता, कौन्सेलिंग, कॉमन रूम, रॅम्प असलं सगळं यायचं. आता माझा अनुभव सांगतो, कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्याकडे लेडीज कॉमन रूम होती, पण तिच्यात इलेक्शनच्या वेळचे मोडके बेंच आणि एनएसएसची फावडी. कमिटी येणार म्हटल्यावर शिपायांनी दोन दिवसात सामान हलवलं, पडदे लावले, वेंडिंग मशीन बसवलं, दोन मुलींना खुर्चीत बसवून पुस्तक हातात दिलं आणि मी फोटो काढला. तो फोटो फाईलला मीच लावला, तारखेसह. कमिटी गेली, पंधरा दिवसात फावडी परत आत. मशीनमधे पॅड कधी भरलेच नाहीत, त्याची चावी कुणाकडे आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मार्क मात्र मिळाले. अजून तो फोटो आठवला की लाज वाटते, त्यातली एक मुलगी पुस्तक उलटं धरून बसलीय.

एनआयआरएफ म्हणजे केंद्राचं रँकिंग, पहिली यादी २०१६ला आली. युनिव्हर्सिटी गटात शंभरातले दहा मार्क 'आउटरीच अँड इन्क्लुझिव्हिटी'ला. त्या दहाचे परत वाटे, बायकांच्या प्रमाणाला तीस टक्के, बाहेरच्या राज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना तीस टक्के, गरीब आणि मागास विद्यार्थ्यांना वीस, अपंगांच्या सोयींना वीस. म्हणजे हिशोब केला तर बायकांसाठी शंभरातले तीन मार्क. तीनच, पण कुठेतरी कुणीतरी मोजतंय एवढं तरी.

पण आता त्या 'बाहेरच्या राज्यातल्या' शब्दाकडे बघा, कारण आम्हा सीमाभागातल्या लोकांना तो वाचून हसावं का रडावं कळत नाही. शिनोळी हे गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, बेळगावपासून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. तिथली पोरगी बेळगावच्या कॉलेजात आली की ती परराज्यातली, कॉलेजची डायव्हर्सिटी वाढली! आणि चारशेहून जास्त किलोमीटरवरून बीदरची पोरगी आली, जिची बोली वेगळी, जेवण वेगळं, घरी जायला अख्खा दिवस, तिची या रकान्यात किंमत शून्य, कारण राज्य एकच. आमच्या खानापूर तालुक्यातली मराठी शाळेतून आलेली मुलगी, जिला पहिल्या वर्षी नोटीस बोर्डावरचं कन्नड धड वाचता येत नाही आणि सरांचं इंग्लिश कळत नाही, तिचा तर रकानाच नाही. भाषेची डायव्हर्सिटी इथे गल्लोगल्ली आहे, एका बेंचवर मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणाऱ्या चौघी बसतात आणि डबा खाताना आपसात चारीची खिचडी करून बोलतात, पण फॉर्ममधे ते भरायचं कुठे? मी एकदा 'इतर माहिती'मधे लिहून पाठवलेलं, साहेबांनी खोडलं, म्हणाले उगीच सीमाप्रश्न नको फाईलमधे.

बसचं पण तसंच. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास, कंडक्टर झिरो तिकीट देतो. आमच्या भाचीसारख्या कितीतरी मुलींचं कॉलेज त्यामुळे टिकलं, पासाचे पैसे वाचले हा एक भाग, पण घरात 'उगीच रोज कशाला जातेस, पैसे लागतात' हे म्हणायची सोयच गेली, हा माझ्या मते मोठा. पण त्याला कर्नाटकातला पत्त्याचा पुरावा लागतो. शिनोळीच्या मुलीचं आधार महाराष्ट्राचं, त्यामुळे कर्नाटकाच्या गाडीत तिला पूर्ण तिकीट, आणि महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघी, एक फुकट येते, एक रोज पैसे मोजते. यात कॉलेजचा काही दोष नाही, पण कॉलेजने खरंच इक्विटीचा प्लॅन लिहायचा ठरवला तर ही गोष्ट त्यात यायला पाहिजे, आणि ती त्या मुलींना विचारल्याशिवाय कळणार नाही.

आकडे चांगले पण आहेत, रडगाणं गात नाही. सरकारच्या २०२१-२२च्या उच्चशिक्षण सर्व्हेनुसार देशात कॉलेजला जाणारे ४.३३ कोटी, त्यात मुली २.०७ कोटी, म्हणजे जवळजवळ निम्म्या. पण शिकवणाऱ्यात शंभर पुरुषांमागे बायका ७७, आणि हेही २०१४-१५ला ६३ होतं तिथून वाढलेलं. विजापूरला २००३ पासून बायकांची वेगळी युनिव्हर्सिटी आहे, आता अक्कमहादेवींच्या नावाने. आपल्या बेळगावच्या युनिव्हर्सिटीला तर २०१० पासून कित्तूरच्या राणी चन्नम्मांचंच नाव. माझी आई चौथीला शाळा सोडून शेतावर गेली, अक्का दहावीला, आणि अक्काची पोरगी बीएस्सीला आहे. टाइम्स हायर एज्युकेशनचं इम्पॅक्ट रँकिंग २०१९ला सुरू झालं, त्यात जेंडर इक्वालिटीच्या भागात घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या मुली किती, हे पण मोजतात. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याला पडदे लावून फोटो काढता येत नाही.

म्हणून भाचीला सांगितलं, बॅनर बघितलास ना, आता त्यांना चार गोष्टी विचार. हा अवॉर्ड देणारा कोण, त्याने कागद मागितले का फक्त फी मागितली. आकडे कुठले दिले आणि ते वेबसाईटवर टाकलेत का. पुढचा प्लॅन काय आणि तो कुणाच्या नावावर आहे. आणि तक्रार समितीत, जी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने असायलाच पाहिजे, तिच्यात कोण कोण आहेत, नावं नोटीस बोर्डावर आहेत का. याच्यातल्या दोनाची तरी सरळ उत्तरं आली तर अवॉर्डला मान दे, नाही आली तर बॅनरचं कापड पावसाळ्यात गवताच्या गंजीवर टाकायला बरं असतं.

ती हसली आणि म्हणाली, मामा, मी एवढं विचारलं तर माझे इंटर्नल मार्क जातील. तेही खरंच. मग म्हटलं, विचारू नकोस, मोज. त्या बाईने टेप घेतली, तू वही घे. प्रॅक्टिकलच्या बॅचमधे सव्वापाचची किंवा त्याआधीची गाडी पकडणाऱ्या किती, गावाचं नाव आणि गाडीची वेळ, बस्स.

आठ दिवसात तिने वही भरली. एकवीस नावं निघाली, त्यात सहा मुलगे, हे तिला पण माहीत नव्हतं. हे वर जाऊन सांगायला जी मॅडम लागते ती कुठल्याही कॉलेजात एक तरी असते, बॅनरवर कोपऱ्यात उभी होती तीच निघाली. तिने एचओडींना कागद नेऊन दाखवला, कन्नडमधे अर्ज पण तिनेच लिहून दिला. या सोमवारपासून प्रॅक्टिकल पावणेदोनला सुरू झालंय, शनिवारची बॅच अजून जुन्याच वेळेला आहे. आणि कडीचं विचाराल तर अक्काने परवा भाचीच्या दप्तरात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली एक कडी आणि चार स्क्रू घालून दिले.